देवाशी नातं खोल कसं होतं? पाऊस, बांध आणि रोजची पंधरा मिनिटं

हेडफोन लावण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'अं', 'म्हणजे काय की' काढून टाकलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. पाठवणारा मुलगा कॅथलिक आहे, कामासाठी पोलादपूरला राहतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जमेल तेव्हा रविवारी मिस्सा करतो, झोपण्याआधी रोजरीचा एखादा दशक म्हणतो, गळ्यात क्रूस आहे, स्टेटसला वचनं टाकतो. पण देवाशी 'नातं' म्हणतात ते काही जाणवत नाही. रिट्रीटला गेलो की दोन दिवस भरून येतं, घरी परतलो की पुन्हा कोरडं. आता काय करू?

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि माझ्याही जवळचा आहे. आमचं मूळ घर वसईचं. वडील महाडच्या एमआयडीसीत नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. बीटेकनंतर मी सॉफ्टवेअरमध्ये लागलो, बरेच दिवस घरूनच काम करतो. वसईत चर्चची घंटा घरात ऐकू येते, गल्लीतले सगळे एकाच धर्मग्रामाचे असतात, सण आला की आपोआप ओढले जाता. इथे तसं नाही. इथे तुमचा विश्वास तुम्हालाच सांभाळावा लागतो. त्यामुळे 'वैयक्तिक नातं' हा आमच्यासाठी पुस्तकी शब्द नाही. ते नसेल तर हळूहळू आडनाव आणि नाताळचा केक एवढंच उरतं.

आधी शब्द समजून घेऊ

'वैयक्तिक नातं' म्हटलं की वाटतं, चर्च वगैरे बाजूला, मी आणि माझा देव. कॅथलिक परंपरेत त्याचा अर्थ असा नाही. वैयक्तिक म्हणजे खाजगी नव्हे. घरातलं उदाहरण घ्या. आईशी तुमचं नातं तुमचं एकट्याचं असतं, पण ते घरात, सगळ्यांबरोबर जेवताना घडतं. चर्च हे ते घर, आणि मिस्सा हे ते जेवण.

१९९२ साली आलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा चौथा भाग पूर्ण प्रार्थनेवर आहे. त्यात प्रार्थनेचे तीन प्रकार सांगितलेत. पहिला, शब्दांची प्रार्थना: प्रभूची प्रार्थना, नमो मरिया वगैरे. दुसरा, मनन: एखादं वचन किंवा प्रसंग डोक्यात घोळवणं. तिसरा, निवांत सहवास: फार न बोलता देवाजवळ बसणं. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्या प्रकारात अडकलेले असतात. तो कमी दर्जाचा आहे असं अजिबात नाही, येशूनेच शिष्यांना शब्द शिकवले. पण तोंड चालू आणि मन इन्स्टाग्रामवर असेल, तर नात्याची एकच बाजू उघडी राहते.

सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या संत तेरेसा, आविलाच्या, त्यांनी मनातल्या प्रार्थनेची व्याख्या फार सोपी केलीय. ज्याचं आपल्यावर प्रेम आहे हे ठाऊक आहे, अशा मित्राशी वारंवार एकांतात बोलणं, असा तिचा आशय. यातला 'वारंवार' हा शब्द लक्षात ठेवा. आजचा एपिसोड त्याच्यावरच उभा आहे.

आणि मैत्री हा शब्द इथल्या मातीलाही नवा नाही. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. त्यातल्या नवविधा भक्तीत आठवी भक्ती 'सख्य', म्हणजे देवाशी सखेपण. दोन्ही परंपरांचा देवाविषयीचा विचार वेगळा आहे, ते एकच आहेत असं म्हणून मी कुणाचाच अपमान करणार नाही. पण 'देव मित्र कसा असेल?' असा प्रश्न पडलेल्याला आपल्या शेजाऱ्यांकडूनही कळतं, की हा विचार विचित्र नाही.

कुठल्या भाषेत बोलायचं?

आमच्या आजीची गंमत सांगतो. ती रोजरी शुद्ध मराठीत म्हणायची. रोजरी संपली की देवाशी भांडायची, ते मात्र कादोडीत! मुलाची नोकरी, गुडघ्याचं दुखणं, शेजारणीची कुरबुर, सगळं. लहानपणी आम्ही हसायचो. आता वाटतं, तिची दुसरी प्रार्थना पहिलीइतकीच महत्त्वाची होती. ज्या भाषेत आपण चिडतो, रडतो, लाडात येतो, त्या भाषेत देवाशी बोललो नाही तर नातं पाहुण्यासारखं राहतं. 'या, बसा, चहा घ्या', संपलं.

यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. पुढे त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. १६१६ मध्ये ते गोव्यातल्या राशोल इथे छापलं गेलं. इथल्या लिपीचे खिळे हाताशी नव्हते म्हणून मराठी मजकूर रोमन अक्षरांत छापला. म्हणजे आपण व्हॉट्सॲपवर करतो तेच, चारशे वर्षांपूर्वी! लिहिण्याचं कारण ग्रंथाच्या सुरुवातीलाच येतं. नवख्रिस्ती लोक विचारतात, आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? त्यांना धर्माची माहिती मिळत होती, पण रात्री बसून ऐकावं, गुणगुणावं असं आपल्या ओवीतलं काही नव्हतं. त्या काळात पोर्तुगीज सत्तेचा जोर होता, जबरदस्तीही होती. तो इतिहास लपवायचं कारण नाही. पण त्या माणसांची भूक खरी होती: देव आमच्या भाषेत द्या.

हाच धागा आपल्या काळात वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे नेला. त्यांनी केलेला अनुवाद म्हणजे 'सुबोध बायबल', त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. तुम्ही फक्त इंग्रजीत बायबल वाचत असाल, तर एकदा मराठीत वाचून बघा. माहीत असलेलीच गोष्ट मराठीत अंगावर येते.

आता पाण्याची गोष्ट

मुख्य मुद्दा. रिट्रीटला भरून येतं आणि नंतर कोरडं पडतं, असं का?

पोलादपूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. जुलैमध्ये कशेडी घाटात समोरची गाडी दिसत नाही. आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात वाड्यांवर टँकर लागतात. पाऊस कमी पडतो का? नाही. डोंगर उभा, खाली काळा कातळ, पाणी पडतं आणि सावित्रीतून सरळ समुद्राला जातं. धरून ठेवायला बांध नाही, मुरायला जागा नाही.

रिट्रीटचं तेच होतं. तिथे देवाची कृपा कमी पडत नाही. आपल्या आठवड्याला बांधच नसतो. सोमवारी सकाळी स्टँडअप, तिकिटं, डेडलाइन, रात्री रील्स, आणि सगळं वाहून गेलं.

संत तेरेसांनी आपल्या आत्मचरित्रात पाण्याचंच उदाहरण घेतलंय. आत्मा म्हणजे बाग. बागेला पाणी चार प्रकारे मिळतं. विहिरीतून बादलीने शेंदून. यात कष्ट जास्त, पाणी थोडं. रहाटाने, कष्ट कमी, पाणी जास्त. ओढ्यातून, पाटाने. आणि शेवटी पावसाने, जिथे माळ्याला काही करावंच लागत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. सुरुवात सगळ्यांची बादलीने होते. प्रार्थनेला बसलो आणि कंटाळा आला, तर समजा, आपण शेंदतोय. पाऊस आपल्या हातात नाही, तो देवाचा. आपल्या हातात शेंदणं आणि बांध घालणं.

बांध पहिला: दिवसाचा आढावा

संत इग्नेशियस लोयोला यांची 'आध्यात्मिक साधना' ही पुस्तिका पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्य केली. त्यात दिवसाच्या आढाव्याची पाच पायऱ्यांची पद्धत आहे. स्टीफन्स जेझुइट होते, म्हणजे राशोलचा तो कवीही याच शिस्तीत घडलेला. पायऱ्या अशा:

१. आभार. आज काय मिळालं? अगदी बारीकसुद्धा. वेळेवर आलेली एसटी, आईने राखून ठेवलेली भाकरी.
२. उजेड मागा. 'देवा, आजचा दिवस तुझ्या नजरेने दाखव.'
३. दिवस मागे फिरवून बघा. कुठे मन मोकळं झालं, कुठे आकसलं? कुणाशी तोडून बोललो?
४. जिथे चुकलं तिथे क्षमा मागा.
५. उद्यासाठी एकच ठोस गोष्ट ठरवा.

आम्ही प्रोग्रॅमर लोक रोज लॉग बघतो. सिस्टिम कुठे अडकली हे अंदाजाने सांगता येत नाही, नोंदी बघाव्या लागतात. पण एक फरक आहे. लॉग आपण एकटे वाचतो, आढावा देवाबरोबर वाचायचा असतो. नाहीतर तो स्वतःलाच मार्क देण्याचा कार्यक्रम होतो. पंधरा मिनिटं पुरतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका. घाटात तसंही नेटवर्क जातंच, आपलं आपण घालवायला काय हरकत आहे?

बांध दुसरा: सावकाश वाचन

बाराव्या शतकात गिगो दुसरे नावाच्या मठवासी लेखकाने बायबल-वाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, सहवास. करायचं काय? त्या दिवसाच्या मिस्सेतला शुभवर्तमानाचा उतारा घ्या, सात-आठ ओळी. एकदा वाचा. पुन्हा वाचा. जो शब्द अडकतो तिथे थांबा. तो शब्द आज मला का अडकला, हे देवाला विचारा, त्याच्याशी बोला. मग दोन मिनिटं गप्प बसा. इथे स्पीड वाढवायचं बटण नाही. दीडपट वेगाने पॉडकास्ट ऐकणाऱ्या आपल्या पिढीला हेच सगळ्यात कठीण जातं, हे मी कबूल करतो.

बांध तिसरा: जे ॲपवर मिळत नाही

मोबाईलवर रोजरी आहे, रोजची वाचनं आहेत, लाइव्ह मिस्सा आहे. वापरा. आजारी माणसाला, दूरच्या माणसाला त्याचा मोठा आधार आहे. पण कॅथलिक विश्वासात संस्कारांना शरीर लागतं. ख्रिस्तशरीर स्क्रीनवरून स्वीकारता येत नाही, पापनिवेदन चॅटवर होत नाही. प्रेमाच्या माणसाला व्हिडिओ कॉल करतोच की आपण, पण म्हणून भेटायचं सोडतो का?

इथे महाड-पोलादपूरकडच्यांचा नेहमीचा प्रश्न: चर्च लांब, रविवारीही शिफ्ट, मग? १९८३ च्या चर्च कायद्यातलं कलम १२४८ यावर बोलतं. धर्मगुरू नसल्यामुळे किंवा इतर गंभीर कारणामुळे मिस्सेला जाणं अशक्य असेल, तर शब्दविधीत भाग घ्यावा, किंवा एकट्याने, कुटुंबाबरोबर, काही कुटुंबांनी एकत्र येऊन योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी जोरदार शिफारस आहे. म्हणजे इथली दोन-तीन कॅथलिक घरं एका हॉलमध्ये बसून त्या रविवारची वाचनं वाचतात, ते चर्चला धरूनच आहे. आणि जाता येईल तेव्हा मात्र जायचं. महिन्यातून एकदा पापनिवेदनाचा दिवस कॅलेंडरवर आधीच टाकून ठेवा. रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतात येतो, जवळचं धर्मग्राम कुठलं ते फोन करून विचारायला लाजू नका.

आणि तरीही कोरडं राहिलं तर?

राहतं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अनेक जण इथेच सोडून देतात.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा जग चकित झालं. कोलकात्याच्या गल्ल्यांत काम करणारी ही बाई कित्येक दशकं आतून अंधारात होती, देवाची जवळीक तिला जाणवत नव्हती. तरी रोज पहाटे ती प्रार्थनेला बसत होती आणि मग रस्त्यावर जात होती. चर्चने तिला २०१६ मध्ये संत घोषित केलं. 'जाणवणं' हेच नात्याचं मोजमाप असतं, तर ती नापास झाली असती.

इग्नेशियस यांचा नियम व्यवहारी आहे: कोरड्या काळात आधी ठरवलेलं बदलू नका. पंधरा मिनिटं ठरवली होती ना? मग पंधरा मिनिटं बसा, उलट एखादं मिनिट जास्त. कोरडेपणाची ते तीन कारणं सांगतात. कधी आपणच आळस केलेला असतो. कधी आपली पारख होते. कधी कळावं लागतं की गोडवा ही देणगी आहे, आपली कमाई नाही. आणि डुलकी लागली तर? लिझ्यूच्या संत तेरेझाला प्रार्थनेत झोप लागायची. तिचं म्हणणं, लेकरू झोपलेलं असलं तरी आईबापांना तेवढंच प्रिय असतं. मात्र सतत उदास वाटणं, झोप उडणं, जगण्यात रस न उरणं असं चालू असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही भेटा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

आणखी एक कोरडेपणा असतो, रागाचा. २२ जुलै २०२१. महाड पाण्यात होतं आणि त्याच संध्याकाळी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. नंतर कित्येक दिवस इथे प्रार्थनेला बसलं की एकच प्रश्न तोंडात यायचा: का? उत्तर मला आजही माहीत नाही, आणि 'देवाची इच्छा' असं म्हणून कुणाच्या जखमेवर पट्टी चिकटवायची माझी हिंमत नाही. पण बायबलमधल्या १५० स्तोत्रांकडे बघा. त्यात कितीतरी गाऱ्हाणी आहेत, देवाला जाब विचारणारी. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. तरी ते प्रार्थनापुस्तकात आहे. याचा अर्थ, देवावर रागावणं म्हणजे नातं तुटणं नव्हे. ज्याच्याशी काही घेणंदेणं उरलेलं नाही, त्याच्यावर आपण रागावतही नाही. राग त्याच्याकडेच घेऊन जा.

नातं खोल होतंय, हे ओळखायचं कसं?

भरून आलेल्या डोळ्यांवरून नाही. योहानाच्या पहिल्या पत्राची कसोटी कडक आहे: दिसणाऱ्या भावावर प्रेम न करणारा न दिसणाऱ्या देवावर प्रेम कसं करील?

आपण महाडमध्ये राहतो, त्यामुळे ही कसोटी रोज समोर असते. नगरपालिकेचा ठराव असूनही चवदार तळ्याचं पाणी दलितांना मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या तळ्याच्या गावात प्रार्थना करणाऱ्या कॅथलिकाने स्वतःला विचारावं, माझ्या मनात अजून कुणासाठी पाणी बंद आहे? आणि हे 'त्यांच्या' समाजाबद्दलच नाही. भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलितांच्या सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, त्यात चर्चच्या आतही जातिभेद असल्याचं मान्य केलं. म्हणून आढाव्याच्या तिसऱ्या पायरीत हा प्रश्नही हवा: आज मी कुणाला कमी लेखलं? हाउसकीपिंगच्या ताईंशी कसा बोललो? प्रार्थनेने माणूस थोडा जरी मऊ होत असेल, तर पाणी मुरतंय.

या आठवड्याचा गृहपाठ

फार नाही. जागा ठरवा: गच्ची, खिडकी, आजीची खुर्ची, काहीही. वेळ ठरवा आणि ती बदलू नका. सोमवार ते शनिवार रात्री पंधरा मिनिटं आढावा. दोन दिवस, जमेल तेव्हा, सावकाश वाचन, मराठीत. रविवारी मिस्सा, आणि खरोखरच अशक्य असेल तर घरच्यांबरोबर वाचनं. रोज किमान एक वाक्य देवाशी तुमच्या घरच्या बोलीत बोला, मग ती आगरी असो, कोळी असो, कादोडी असो किंवा पोलादपुरी. आणि 'आज काही वाटलं का?' हे आठवडाभर स्वतःला विचारू नका. बांध घालणारा माणूस दर तासाला पाणी मोजत बसत नाही.

मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझा तो झोपण्याआधीचा एक दशक सोडू नकोस. ती तुझी बादली आहे. फक्त शेवटचं नमो मरिया झालं की लगेच फोन उचलू नकोस, पाच मिनिटं तसाच बसून राहा.

काही प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या वेळी घेऊ.